शेवटची सोळा पानं

पानशेत फुटल्याला सात महिने होऊन गेले, तरी पौडच्या खालच्या आळीत नसीरला अजून धड झोप लागत नव्हती. त्याचं घर नदीकडच्या उतारावर, शेवटून दुसरं. माघात मुळा नदीला पाणी असतं किती, गुडघाभर. धोंड्यांतून वाट काढत ते आपलं जात असतं. पण त्या पाण्याचा आवाज वाढला की कमी झाला, एवढंच नसीर अंथरुणात पडून ऐकत राही. वर दहाबारा मैलांवर मुळशीचं धरण. त्याला कळायला लागल्यापासून ते तिथंच होतं, आणि पानशेतच्या आधी महिनोन्‌महिने त्याला त्याची आठवणसुद्धा होत नसे. आता बायको सुलताना घागर ओतायला लागली तरी त्याच्या छातीत धस्स होई.

नसीर गावाचे कपडे शिवायचा, आणि वाचनालयाची फाटकी पुस्तकंही शिवायचा. वाचनालय म्हणजे चावडीशेजारच्या खोलीतली दोन कपाटं. त्यांची किल्ली त्याच्याच करगोट्याला असे. पुस्तक शिवायचं तर आधी ते वाचायचं, अशी त्याची खोड. आणि वाचलेलं पोटात राहत नसे. मशीनचं पायडल हलवता हलवता तो दुकानात टेकलेल्यांना गोष्ट सांगे, रोज थोडी.

गेल्या आषाढात तो एक फ्रेंच कादंबरी सांगत होता. फार वर्षांपूर्वी कुणीतरी ती मराठीत आणलेली. पहिली चार पानं वाळवीनं खाल्ली होती, त्यामुळे नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. बांधणी करताना नसीरनं पुठ्ठ्यावर नुसतं ‘फ्रेंच कादंबरी’ असं लिहून ठेवलं. डोंगरातलं एक तळं, तळ्याला मातीचा जुना बांध, बांधाखाली पाणचक्क्यांचं एक गाव, आणि बांधावर झोपडीत राहणारा म्हातारा राखणदार. पंधरा दिवस ती गोष्ट रंगली. एका संध्याकाळी राखणदार कंदील घेऊन खाली वाकतो आणि बांधाच्या पोटाशी त्याला बोटभर चीर दिसते, तिथपर्यंत नसीर आला आणि म्हणाला, “ऱ्हायलेलं उद्या.”

दुसऱ्या दिवशी पानशेत फुटून पुण्यात पाणी शिरल्याची बातमी आली. नसीरनं पुस्तक कपाटाच्या तळाला टाकलं. पुढं काय झालं, असं कुणी विचारलं नाही.

आणि माघात भाताची खाचरं मोकळी झाल्यावर फिरत्या सिनेमाचा तंबू आला. तो लागला हैबतरावांच्या नदीकाठच्या रानात. हैबतराव म्हणजे गावातले मोठे बागायतदार. त्यांचा शब्द सहसा कुणी मोडत नसे. तिसऱ्या दिवशी चित्र बदललं आणि जाहिरातीच्या फळ्यावर नव्या चित्राच्या नावाखाली ओळ आली: ‘जगप्रसिद्ध फ्रेंच कादंबरीवरून’. फळ्यावर तळं होतं, बांध होता, हातात कंदील घेतलेला म्हातारा होता.

सुलतानाच्या हट्टाखातर नसीर गेला. पांढऱ्या कापडावर म्हातारा वाकला आणि कंदिलाच्या उजेडात ती चीर दिसली, तेव्हा नसीरच्या सदऱ्याची पाठ घामानं भिजली. पण पुढं सगळं निराळंच झालं. राखणदाराची तरणी पोर धावत गावात गेली. तिच्यावर जीव जडलेल्या गड्यानं त्या फटीला आपली पाठ लावली, बायांनी वाळूच्या पाट्या हातोहात पोचवल्या, पाणी थांबलं, आणि शेवटी सगळा गाव त्यांच्या लग्नात नाचला. तंबूत शिट्ट्या पडल्या. सुलताना पदरानं डोळे पुसत हसत होती. नसीरला माहीत होतं की पुस्तकात असलं काही नाही. पण खोटं कशाला सांगा, त्यालाही बरंच वाटलं.

सकाळी दुकानात त्याचीच चर्चा. शेजारच्या पिठाच्या गिरणीचा कोंडाजी भुवयांवरचं पीठ न झटकताच येऊन बसला होता. म्हातारा गेणबा कानामागं हात धरून बाकड्याच्या टोकाला बसला होता. हैबतराव कोटाचं माप द्यायला उभे होते.

“काय बी म्हन नसीर,” कोंडाजी म्हणाला, “तुज्या गोष्टीपरास शिनेमा झ्याक. तू म्हाताऱ्याला चिरीपाशी उभा करून जो पळालास, तो सात म्हैनं गायब!”

“तंबूवाला मला म्हनला, बुकातलं अक्षर न्‌ अक्षर घेतलंय,” हैबतराव म्हणाले.

“अक्षर न्‌ अक्षर?” दारातून आवाज आला. शाळेतल्या लीलाबाई पुस्तक बदलायला आल्या होत्या. त्या मूळच्या पुण्याच्या. नदीकाठच्या पेठेतलं त्यांचं घर पानशेतच्या पाण्यात गेलं आणि दिवाळीनंतर त्यांनी पौडला बदली मागून घेतली. “फ्रान्सात हळदीला ढोलकी वाजते, हे मला माहीत नव्हतं.”

सगळे हसले. गेणबाला मात्र ते पटलं नाही. “गानी न्हाईत तर शिनेमा कशापायी?”

“गाणी असू देत हो, बाबा. मी शेवटाचं म्हणतेय. पाटीभर वाळूनं आणि माणसाच्या पाठीनं तळं अडतं का? ज्यानं एवढी मोठी कादंबरी लिहिली, तो असलं काही लिहील असं मला वाटत नाही.”

“अवो बाई,” कोंडाजी पुढं सरसावला, “बुकात त्या गावचा मेयर का कोन हुता, त्याचा मराठीत पाटील केला. पानाखाली बारीक अक्षरात तसं छापलंय, ह्यो नसीरच सांगत हुता. मंग भाषांतर करनाऱ्यानं बदललं ते चालतं, आन्‌ शिनेमावाल्यानं बदललं की खोटं?”

“मेयरचा पाटील केला म्हणून कुणाचं काही गेलं नाही, कोंडाजी. बुडालेली माणसं जिवंत केली, तर मग ती गोष्टच उरत नाही.”

“बुडाली कशावरनं?” हैबतरावांनी एकदम विचारलं.

मापाची पट्टी नसीरच्या हातात तशीच राहिली. बाईंनी अंदाजानंच म्हटलं होतं, त्यांनी पुस्तक कुठं वाचलं होतं? पण दुकानातली हवा एकदम बदलली. गिरणीचा पट्टा तेवढा पलीकडं फटफटत होता.

“मान्सं दोन घटका हसायला येत्यात,” हैबतराव म्हणाले. “वर्सभर जीव मुठीत धरून बसलीत, त्यास्नी आनिक बुडवून दावायचं का? केलं त्यानं ते ब्येस केलं.”

“मग फळ्यावर कादंबरीचं नाव लावू नये. लेखकानं जे सांगायचं म्हणून लिहिलं, नेमकं तेच काढून टाकायचं आणि वर त्याचंच नाव सांगायचं?”

“नसीर,” हैबतराव वळले, “तू वाचलंयस. सांग समद्यांम्होरं. बुकात गाव वाचतं का न्हाई?”

नसीरनं समोर पाहिलं. आळीच्या उतारावरून सुलताना डोक्यावर दोन घागरी घेऊन चढत होती. तिच्या मागं आणखी तिघी. घरात त्याची आई चाँदबी. दोन वर्षं झाली, कमरेखालून लुळी होऊन ती खाटेवर होती.

“वाचतं की,” तो म्हणाला. “बुकात बी वाचतंच.”

हैबतरावांनी श्वास सोडला. कोंडाजीनं मांडीवर थाप मारली. लीलाबाई मात्र नसीरकडं बघत राहिल्या. “मग मला वाचायला द्या ते पुस्तक.”

“उसवलंय, बाई. बांधून परवा देतो.”

पुस्तक मुळीच उसवलं नव्हतं. दुपारी दुकानाची एक फळी लावून घेऊन नसीरनं ते कपाटातून आणलं आणि मांडीवर घेतलं. सोळा पानांचा एक, असे अठरा फॉर्मे. शेवटचा फॉर्मा म्हणजे सगळा तो प्रलय. ती पानं त्याला जवळजवळ पाठ होती, आणि म्हणूनच ती त्याला नको होती. आजवर शेकडो पुस्तकं त्यानं शिवली, एक पान कधी गहाळ होऊ दिलं नव्हतं. सुरीचं टोक दोऱ्याखाली घातलं तेव्हा पहिल्यांदा त्याचा अंगठाच कापला गेला. दोरा तुटला. सोळा पानं सुटी होऊन हातात आली. ती त्यानं चिंध्यांच्या गाठोड्यात खोल खुपसली, पुठ्ठ्याला खळ लावली आणि पुस्तक इस्त्रीखाली दाबून ठेवलं.

दोन दिवसांनी त्यानं ते लीलाबाईंना दिलं. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या ते घेऊन परत आल्या. दुकानात दुसरं कुणी नव्हतं.

“नसीरभाई, दोनशे बहात्तरावं पान मध्येच संपतं. राखणदार पाटलाकडे जातो, पाटील म्हणतो उद्या जत्रा आहे, कुणाजवळ बोलू नकोस. मग ‘तिसऱ्या दिवशी पहाटे’ एवढे शब्द, आणि पुढे पुठ्ठा.”

“वाळवी लागली असंल, बाई.”

“वाळवी सुरीनं कापत नाही.”

नसीरनं सुई खाली ठेवली. अंगठ्याची चिंधी त्यानं नकळत मुठीत लपवली.

“काय आहे त्या पानांत?”

तो खालच्या आवाजात म्हणाला, “कोन वाचत न्हाई बाई. बांध फुटतो. दोनशे चौदा मान्सं जात्यात. ल्हान पोरं, बाळंतिनी, समदी. त्यो राखनदार तेवढा वर असतो म्हनून ऱ्हातो.”

लीलाबाई बाकड्यावर बसल्या. पुस्तक त्यांनी मांडीवर घट्ट धरलं होतं. “आमच्या वाड्यात कळलं तेव्हा पाणी जिन्यावर होतं,” त्या म्हणाल्या. “शेजारच्या खोलीतली तिघं गेली. मी कौलांवर चढले होते, तिथून त्यांचं दार दिसत होतं.” मग जरा थांबून, “तुम्ही का लपवलंत ते कळतं मला. पण लपवायला नको होतं.”

“तुमची शाळा वर हाय, बाई. तुमी आमच्या आळीत ऱ्हात न्हाई.”

त्यांनी पुस्तक बाकड्यावर ठेवलं. तेव्हा कुठं नसीरच्या ध्यानात आलं, की गिरणीचा आवाज बंद आहे. पट्टा निसटला होता, आणि मधल्या कुडापलीकडं कोंडाजी श्वास रोखून उभा होता.

कोंडाजी वाईट माणूस नव्हता. त्यानं फक्त बायकोला सांगितलं. संध्याकाळी आळीत झालं, ‘बुकात धरन फुटतं.’ सकाळी झालं, ‘नसीरनं ती पानं फाडली, मान्सास्नी कळू नये म्हनून.’ आणि दुसऱ्या दिवशी बाजार भरता भरता त्याला तिसरं शेपूट फुटलं. सुलतानाचा भाऊ रमजान मुळशीला धरणावर मजुरीला होता. ‘रमजानचा निरोप आलाय. वर भिंतीला चीर गेलीया. शिंप्याला ठावं हाय, पर त्यो बोलत न्हाई.’

सुलताना नदीवरून रिकाम्या घागरी घेऊनच दुकानात आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“अवो, बाया मला इचारत्यात, तुमी सामान कवा हलवताय. माज्या भावानं काय कळवलंय?”

“काय कळवलं न्हाई गं.”

“मंग पानं का फाडली?”

“गोष्टीतली पानं हायेत ती! फ्रान्सातली!”

“गोष्टीतली हायेत, तर मंग फाडली कशाला?”

नसीर खाली बघून सुईत दोरा ओवायला लागला. तिला सांगितली नाही अशी एक गोष्ट त्याच्या मनात सकाळपासून ठसठसत होती. रमजान दर बाजाराला बहिणीकडं येत असे. गेले दोन बाजार तो आला नव्हता. आजही दुपार कलली तरी त्याचा पत्ता नव्हता. का येत नसावा? आपणच पिकवलेल्या अफवेवर आपण विश्वास ठेवतोय, हे नसीरला कळत होतं. त्यानं मशीनवर बसून पाहिलं, शिवण तिरकी गेली. उठून तो उंबऱ्यात आला आणि वरच्या अंगाला, नदी जिथं वळते तिकडं बघत राहिला.

चार वाजायला आले असतील. एकदम धडाड्‌कन आवाज झाला, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा. जमीन हादरली. समोर बाजारात ताडपत्रीवर रचलेली मडकी एकमेकांवर आपटली.

रस्त्याच्या कामासाठी पलीकडच्या खाणीत सुरुंग लावत, पण ते बाराच्या सुमाराला, आणि आधी शिट्टी होई. आज शिट्टी झाली असेल तर ती बाजाराच्या गलक्यात कुणी ऐकली नाही. एक क्षणभर सगळं चिडीचूप झालं. मग कुणीतरी बाई किंचाळली, “फुटलं! धरन फुटलं!”

पुढचं नसीरला तुकड्यातुकड्यांनीच आठवत राहिलं. तराजू खणकन पडले. मिरच्यांच्या ढिगावरून माणसं तुडवत गेली. बैल दावं तोडून गर्दीतच शिरला. सगळे डोंगराकडं, शाळेच्या वरच्या चढाकडं धावत होते, आणि नसीर एकटा उलट, खाली, आळीकडं पळत होता. समोरून येणारे त्याच्यावर आदळत होते. “वर पळ! वर!” कुणीतरी त्याची बाही धरून ओढली, बाही फाटली.

घरात चाँदबी खाटेवर उठून बसायची धडपड करत होती. “तुमी जावा,” ती म्हणाली. “मला ऱ्हाऊ द्या हितं. पोरी, त्याला घिऊन जा.”

सुलतानानं सासूला खाटेच्या काठाशी ओढलं, नसीर पाठमोरा बसला, आणि म्हातारीचे हात आपल्या गळ्याभोवती घेऊन उठला. सुलतानानं मागून पाय धरले. तशी ती तिघं आळी चढायला लागली. नसीरला कानात पाण्याचा आवाज ऐकू येत होता. खरोखर ऐकू येत होता, घोंघावत, अगदी पाठीशी आलेला. ते त्याचंच रक्त कानात वाजतंय हे त्याला नंतर समजलं. त्या घटकेला त्याला एवढंच दिसत होतं, की पुस्तकातल्या दोनशे अठ्ठ्याहत्तराव्या पानावर एक माणूस असाच आईला पाठीवर घेऊन चढतो, आणि अर्ध्या चढावर ते पान संपतं.

त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

शाळेच्या वर, माळावर सगळा गाव जमला होता. धापा टाकत, एकमेकांना हाका मारत, पोरं मोजत. नसीरनं आईला गवतावर ठेवलं आणि मग तो वळला. खाली पौड उन्हात पडलं होतं. नदी होती तेवढीच होती. तंबूचं कापड वाऱ्यानं हलत होतं. दहा मिनिटं गेली, पाव तास गेला, पाणी आलं नाही. तरी कुणी खाली जायला तयार होईना. खाणीकडून एक मुकादम ओरडत आला, सुरुंगाचं सांगायला, तेव्हा काही जण रडायला लागले, काही हसायला.

गेणबाला चौघांनी घोंगडीत घालून आणलं. तो चेंगराचेंगरीत पडला होता, मांडीचं हाड मोडलं होतं. त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, नुसते डोळे फिरत होते.

त्याला बघितलं आणि हैबतराव सरळ नसीरवर आले. त्यांनी त्याची गचांडी धरली. “ह्ये तुज्यामुळं! बुक म्हनं, पानं म्हनं! म्हातारा मेला असता तर? पोरं मेली असती तर?”

भोवती माणसं गोळा झाली. सगळी ओळखीची. कुणाचा सदरा त्यानं शिवला होता, कुणाची चोळी. पण त्या चेहऱ्यांकडं बघून नसीरला त्या धडाड्‌ आवाजाइतकीच भीती वाटली. आळीत मुसलमानाचं घर आपलं एकट्याचंच, हे त्याच्या मनात चमकून गेलं. सुलताना त्याच्या आणि गर्दीच्या मधे येऊन उभी राहिली.

“सोडा त्यांना, हैबतराव.” लीलाबाई गेणबाच्या उशाशी बसल्या होत्या, तिथूनच बोलल्या. “गोष्ट सांगितल्यानं हे झालेलं नाही, न सांगितल्यानं झालंय. आणि न सांगायला लावणाऱ्यांत तुम्ही होतात, सगळेच होते, कळल्यावर गप्प बसले म्हणून मीही. त्या दिवशी दुकानात खरं ऐकायची तयारी कुणाची होती?” मग त्या नसीरला म्हणाल्या, “सांगून टाका आता. इथं पाणी येत नाही.”

“कशाला आनिक?” कुणीतरी म्हणालं.

“सांगू दे त्याला,” कोंडाजी म्हणाला. त्याचा आवाज घोगरा झाला होता. “अर्धं ऐकून लई झालं.”

हैबतरावांचा हात सैल पडला. नसीर आईशेजारी बसला. पानं जवळ नव्हती, पण लागलीही नाहीत. मुळेच्या खोऱ्यावर ऊन तांबूस व्हायला लागलं होतं, आणि तो सांगत गेला. तिसऱ्या दिवशी पहाटे राखणदार पुन्हा खाली उतरतो. पाटील जत्रेच्या मांडवात असतो, म्हाताऱ्याला हाकलतो. म्हातारा वर परत जाऊन घंटा वाजवायला लागतो, पण जत्रेत वाद्यं वाजत असतात. काही जण घंटा ऐकतात आणि म्हणतात, आज म्हातारा खुशीत दिसतोय. मग बांध जातो. नसीरनं काही वगळलं नाही. आईला पाठीवर घेतलेला माणूस वगळला नाही, पाळण्यातली पोरं वगळली नाहीत. शेवटी रिकाम्या दरीवर म्हातारा घंटा वाजवतच राहतो, कारण थांबलो तर शांतता ऐकू येईल अशी त्याला भीती वाटते.

एका बाईनं पोर छातीशी ओढून घेतलं.

“म्हंजी शिनेमावाल्यानं घंटाच काढली की,” कोंडाजी म्हणाला. “चीर घेतली, म्हातारा घेतला. घंटा न्हाई घेतली.”

“घेतली असती तर आपण शिट्ट्या मारल्या नसत्या,” लीलाबाई म्हणाल्या.

“पर मी सांगतो, मला त्यो तसाच आवडला,” कोंडाजी हट्टानं म्हणाला. “आजून बी आवडतोय. खोटा हाय ते कळलं, तरी बी.” आणि तो ओक्साबोक्शी रडायला लागला.

मग उद्या सकाळीच पाच जणांनी धरणावर जायचं, भिंत डोळ्यांनी बघायची आणि तिथल्या साहेबांना विचारायचं, की काही झालंच तर आम्हांला कोण आणि कसं सांगणार, असं तिथंच माळावर ठरलं. हैबतरावांनी आपली बैलगाडी देऊ केली. पाचांत त्यांनी आपण होऊन नसीरचं नाव घातलं.

पण त्या संध्याकाळी खाली उतरायला वरच्या आळीचेच लोक तयार झाले. खालच्या आळीतल्या बायांनी शाळेच्या ओवरीत पथाऱ्या टाकल्या. सुलताना म्हणाली, “मी न्हाई येत. आज तरी न्हाई.” एवढ्यात कुणाला तरी आठवलं, की चुली तशाच पेटत्या राहिल्यात. गवताची छपरं, वारा सुटलेला. कुणीतरी जायला हवं होतं. सगळ्यांनी नजरा चुकवल्या.

“मी जातो,” नसीर म्हणाला. त्याला जायचं मुळीच नव्हतं.

आळीच्या तोंडाशी त्याला मागं वहाणांचा आवाज आला. हैबतराव येत होते, हातात काठी घेऊन. दोघं एकेका घरात शिरले. कुठं भाकरी तव्यावर जळून कोळसा झालेली, कुठं दुधाचं पातेलं करपलेलं. नसीर चुलीवर पाणी ओते, निखारे फस्स करत, आणि प्रत्येक फस्स आवाजाला दोघंही दचकत. माणसाशिवायची आळी त्यानं कधी पाहिली नव्हती. एका घरात रांजण झिरपत होता. टप्‌, टप्‌. तो आवाज कुठून येतोय हे सापडेपर्यंत हैबतरावांनी नसीरचा दंड धरून ठेवला होता. त्यांची बोटं गार पडली होती.

शेवटच्या घरातली चूल विझवून ते बाहेर आले. उजेड अजून होता. खाली हैबतरावांच्याच रानात तंबू रिकामा उभा होता. तंबूवाला आणि त्याची माणसंसुद्धा डोंगरावर पळाली होती.

“नसीर,” हैबतराव नदीकडं बघत म्हणाले, “त्यो पाटील. बुकातला. त्याचं काय झालं, त्ये तू सांगितलं न्हाईस.”

“बुकातच न्हाई ते. वाचला का बुडाला, लेखकानं लिव्हलं न्हाई.”

“काय तरी असंलच की.”

“न्हाई, मालक. शेवटचं दिसतो तवा मांडवात उबा असतो. मान वळवून वर बगतो. तेवडंच हाय.”

हैबतरावांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, “चल वर. मी आज घरी जात न्हाई,” आणि नसीरच्या पुढं न जाता त्याच्या बरोबरीनं चालायला लागले.

दुसऱ्या दिवशी पाच जण मुळशीला जाऊन आले. भिंत कोरडी होती, ठणठणीत. रमजान तापानं फणफणून चाळीत पडला होता, म्हणून तो आला नव्हता. तिथल्या साहेबांनी त्यांना भिंतीवरून चालवून आणलं आणि पाणी सोडायचं असलं तर आधी सायकलवरून माणूस धाडीन, असा शब्द दिला. गेणबा पुढं चार महिने अंथरुणाला खिळून होता, आणि उठला तो कुबड्या घेऊनच. त्याचं नसीरला शेवटपर्यंत लागून राहिलं.

भिंतीवर उभं असताना साहेब म्हणाले होते, “बघा, वाका, हात लावून बघा. भिऊ नका.” बाकीच्या चौघांनी कठड्यावरून वाकून बघितलं. नसीरला वाकवेना. एका बाजूला ते निळं, गप्प पसरलेलं पाणी, दुसऱ्या बाजूला खोल खाली नदीची बारीक रेघ, आणि त्या रेघेच्या काठानं कुठंतरी दूर त्याची आळी. तो मधे उभा राहिला, सुलतानानं भावासाठी बांधून दिलेली भाकरी दोन्ही हातांनी धरून, आणि पायाखालचा दगड हलतोय का ते बघत राहिला. दगड हलत नव्हता.